इंद्रभान मास्तर पाण्यात तोंड घालतात

खंडोबाचा टाक इंद्रभान मास्तरांच्या हातून बारवेत पडला तो मंगळवारी सकाळी बरोबर सव्वासात वाजता. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण टाक निसटला तेव्हा मास्तर मनगटावरचं घड्याळ भिजू नये म्हणून वर सरकवत होते. ज्या हातात देव, त्याच हातावर घड्याळ, अशी सगळी गफलत होती. रुपयाहून थोडा मोठा तो चांदीचा पत्रा झाडाच्या पानासारखा डुलत एक पायरी उतरला, दुसरी उतरला आणि मग हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला. मास्तर "अरे, अरे" म्हणाले, पण देव काही थांबला नाही.

चंपाषष्ठीच्या आधी घरचे पाचही टाक बारवेवर नेऊन चिंचेनं उजळायचे, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषानं उजळायचे, ही त्यांच्या घरची रीत. आता मास्तर कर्ते होते हे खरं. सातवीपर्यंतच्या शाळेचे हेडमास्तर, बेचाळीस वर्षांचे, भरघोस मिशीचे. पण पाण्याला ते भीत. ज्या गावात गुराख्यालासुद्धा उलटी उडी मारता येत होती, त्या गावात हेडमास्तर शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करत. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव अजून तिथंच आहे आणि माणसं रागीट आहेत. धामणगाव बढ्याहून बैलगाडीनं तासाभरावर, एवढं पुरे.

एक टाक गेला तर सोनार दुसरा घडवून देईल, असं कुणाला वाटेल. पण हे साधं नव्हतं. वडील वारल्यावर थोरले भगवानराव नांदुऱ्याला धान्याच्या अडतीत स्थिरावले आणि मास्तर गावात राहिले, तेव्हा देव कुणाकडे ठेवायचे यावरून घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. शेवटी आईनं, म्हणजे गोजरबाईंनी, देव धाकट्याच्या देवघरात मांडले आणि भगवानरावांना सांगितलं की देव जिथं, तिथं मी. भगवानराव मान खाली घालून नांदुऱ्याला गेले, पण जाताना म्हणाले, "इंद्रा, देवाची हयगय झाली तं मी देव घेऊन जाईन." देव गेले म्हणजे आई गेली. दर चंपाषष्ठीला भगवानराव बायको-पोरांसह येत, एकेक टाक हातात घेऊन कपाळाला लावत आणि मोजत. चंपाषष्ठीला सोळा दिवस होते.

मास्तरांनी घरी येऊन बायकोला, पुष्पाबाईंना, तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या की सासूबाईंना दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं, रोज देवाला अंघोळ घालतात ते हातानं चाचपून, तेव्हा आधी पाचवी जागा भरा. जागा भरायला गोल, रुपयाहून मोठं, धातूचं काहीतरी हवं होतं. शाळेचा शिपाई कडूबा याच्या छातीवर तसं काहीतरी होतं. जिल्हा परिषद नुकतीच झाली होती आणि तिनं दिवाळीतच कडूबाला पितळी बिल्ला दिला होता. मास्तरांनी तो 'तपासणीसाठी' मागून घेतला. कडूबाचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याची नोकरीच खिशात घातली. पण हुकूम तो हुकूम. संध्याकाळी जिल्हा परिषदेचा बिल्ला भंडारा माखून म्हाळसेशेजारी विराजमान झाला.

आता खरा टाक काढायचा कसा? गावात बुडी मारून वस्तू काढणारा पुंजाजी होता. पण त्याची एक खोड होती. तळातून वस्तू आणली की तो ती डोक्यावर धरून, कुणाची, कधी पडली आणि कुणाच्या बावळटपणानं, हे बारवेच्या चारही बाजूंना ओरडून सांगे. तो त्याच्या मेहनतान्याचाच भाग होता. तेव्हा पुंजाजी बाद.

इथं पुष्पाबाईंचे भाऊ मोतीराम उपयोगी पडले. मोतीराम मुंबईला आरमारात होते आणि भाऊबीजेला त्यांनी बहिणीला एक अजब ओवाळणी घातली होती: रबराच्या पट्ट्याचा, नाकासकट डोळे झाकणारा काचेचा मोठा चष्मा आणि वर वाकलेली एक नळी. हे लावून समुद्रावर पालथं पडलं की तळ दिसतो आणि श्वासही चालू राहतो, असं त्यांनी सांगितलं होतं. बुलढाणा जिल्ह्यातून समुद्र दिसत नसल्यामुळे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पुष्पाबाई चष्मा मिरच्या कांडताना लावत आणि नळीनं कंदिलात घासलेट ओतत. त्यांच्या मते आरमारानं इतकी उपयोगी वस्तू दुसरी काढली नव्हती.

मास्तरांनी मेहुण्याला पत्र टाकलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं. श्वास तोंडानं घ्यावा, नाक विसरून जावं. काचेवर आतून वाफ धरते, म्हणून आधी आत थुंकून चोळावं. नळीत पाणी शिरलं तर घाबरू नये, जोरानं फुंकावं. आणि मिशी असल्यास ती काढावी, कारण केसांतून पाणी आत येतं. हा शेवटचा नियम मास्तरांनी वाचून न वाचल्यासारखा केला.

पहिला सराव मोरीतल्या घंगाळात झाला. मास्तरांनी चष्मा चढवला, नळी दातांत धरली आणि पाण्यात तोंड घातलं. घंगाळाचा तळ स्वच्छ दिसला, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. पण नळी दहा वेळा धुतली तरी घासलेटाची होती ती होतीच. प्रत्येक श्वासाला मास्तरांना आपण कंदील असल्याचा भास होई. रात्रीच्या जेवणाला वरणालाही तोच वास आला. देवघरातून आईनं विचारलं की मोरीत म्हैस कोणी बांधली, तर पुष्पाबाईंनी मास्तरांना पडसं झाल्याचं सांगितलं.

घंगाळ घरचं होतं, बारव पंचायतीची. तिचे सचिव रामराव नियमाचे पक्के. मास्तरांनी सातवीच्या सामान्य विज्ञानासाठी जलाशयाच्या तळाचं निरीक्षण करायचं असल्याचा अर्ज दिला. आयुष्यात मास्तर एवढं धडधडीत खोटं प्रथमच बोलत होते, आणि तेही तीन प्रतींत. रामरावांनी नियमांचं पुस्तक काढलं. म्हैस धुण्याला मनाई होती, कपड्यांना मनाई होती, उडी मारण्याला ठराविक वेळ होती, देव उजळायला मुभा होती. पण नुसतं तोंड पाण्यात आणि पाठ बाहेर, अशा माणसासाठी कलमच नव्हतं. असा इसम बारवेच्या आत धरायचा की बाहेर, यावर रामरावांनी दोन दिवस विचार केला. शेवटी त्यांनी अर्ज 'गाळ काढणे' या सदराखाली मंजूर केला आणि मास्तरांची सही 'विनावेतन मजूर' या रकान्यात घेतली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासणारा माणूस तिथं खाली मान घालून सही करून आला.

मंजुरी झाली म्हणजे बोभाटा झाला. मास्तर बारवेवर पोचले तेव्हा कठड्यावर बरीच मंडळी जमली होती. मास्तरांनी नियमाप्रमाणे चष्म्यात थुंकून काच चोळली आणि पाण्यात विसळली. शेजारच्या कौशल्याबाई तेव्हाच घागर भरत होत्या. जो माणूस पोरांना 'सार्वजनिक ठिकाणी थुंकू नये' हे वाक्य शंभरदा लिहायला लावतो, तो पिण्याच्या पाण्यात थुंकला, ही बातमी घागर घरी पोचायच्या आधी गावभर झाली. रामरावांनी लेखी समज दिली. तेव्हापासून मास्तर घरीच थुंकून, चष्मा लावूनच निघत आणि ओल वाळू नये म्हणून बाजारगल्लीतून भरभर चालत. लोक नमस्कार करीत. मास्तरही चष्म्याच्या आतून मान डोलावत, कारण शिष्टाचार सुटला तर मग उरलं काय?

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं गूळ खाऊन उतरा, कुणी म्हणालं कानात लसूण घाला. कामाचं बोलला तो एकटा पुंजाजी. त्यानं नळी हातात घेऊन वास घेतला आणि चेहरा कसानुसा करून परत दिली. गावातल्या तीन पिढ्यांना त्यानं पाठीला वाळके भोपळे बांधून पोहायला शिकवलं होतं. भोपळा पाठीवर असला की माणूस आपोआप पालथा तरंगतो, फक्त तोंड वर धरायला धडपडावं लागतं. तुमच्या या नळीनं ती धडपडही वाचली, असं तो म्हणाला. म्हणजे आरमाराला भोपळ्याची कल्पना नव्हती आणि पुंजाजीला नळीची, एरवी हे शास्त्र केव्हाच पूर्ण झालं असतं. पाठीला दोन भोपळे आवळता आवळता त्यानं मास्तरांच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "गुरुजी, पडलं काय?"

मास्तर म्हणाले, विज्ञान.

"चाळीस वर्सं झाले," पुंजाजी म्हणाला, "बिनकामाचा कोणी पाण्यात उतरून नाही राह्यला. नोका सांगू." आणि त्यानं गाठ मारली.

मास्तर तरंगले. पहिल्या खेपेस त्यांना ते स्वतःलाच पटेना. पण काचेत मिशीच्या वाटेनं पाणी शिरलं, नाकात गेलं, आणि मास्तर पायरीला मिठी मारून खोकत बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पुष्पाबाईंनी मिशीला लोणी चोपडून दिलं. अर्धा मिनिट काच कोरडी राहिली. मग लोण्याच्या वासानं बारवेतल्या सगळ्या मासोळ्या जमल्या आणि हेडमास्तरांची मिशी ओढू लागल्या. त्या दिवशी ते घरी आले ते मिशी हातानं झाकून.

चंपाषष्ठीला दोन दिवस उरले. पहाटे मास्तरांनी आरशासमोर बसून स्वतःच्या हातानं मिशी उतरवली. वडिलांच्या दहाव्याला काढली होती, त्यानंतर सतरा वर्षं तिला वस्तरा लागला नव्हता. आरशातला माणूस त्यांना कुणीतरी लांबचा, जरासा मूर्ख नातेवाईक वाटला. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट मास्तरांच्याही लक्षात आली नाही आणि पुष्पाबाईंच्याही: आपल्याकडे मिशी कधी उतरवतात ही.

मास्तर शाळेला निघाले तर समोरून येणाऱ्यानं टोपी काढली. किराणा दुकानदारानं अर्धी फळी लावली. पानवाल्यानं हात जोडले आणि डोळे पुसले. मास्तरांना वाटलं, गाव अखेर विज्ञानाचा मान ठेवायला शिकलं. शाळेत कडूबानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, बिल्ल्याच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि सरळ जाऊन सुटीची घंटा दिली. पोरं 'आजी गेली, आजी गेली' करत घरोघर पांगली. नांदुऱ्याची यष्टी फाट्यावरच उभी होती, तिचा कंडक्टर भगवानरावांच्या ओळखीचा होता.

इकडे कौशल्याबाई पदर तोंडाला लावून, मोठ्यानं रडत मास्तरांच्या दाराशी आल्या. दार गोजरबाईंनी उघडलं. त्यांनी कौशल्याबाईंना हाताला धरून आत बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि कोण गेलं म्हणून विचारलं. कौशल्याबाई म्हणाल्या, कोणी नाही, असंच. मग आलोच आहोत तर म्हणून अर्धा तास बसल्या आणि थोडी डाळ निवडून गेल्या.

आई जिवंत असताना मास्तरांनी मिशी काढली ती पाण्यात तोंड घालण्यासाठी, हे कळल्यावर गावातलं एकही माणूस घरी राहिलं नाही. दुपारी तीन वाजता बारवेचे चारही कठडे भरले. मास्तर पायऱ्या उतरले. कुणाकडेही न पाहता त्यांनी काच नीट बसवली, नळी दातांत धरली आणि भोपळ्यांच्या भरवशावर पालथे झाले.

या खेपेस काच कोरडीच राहिली.

वरून जे पाणी हिरवंगार आणि आंधळं दिसे, ते आतून लख्ख होतं. उन्हाचे पट्टे तिरपे उतरून पायऱ्यांवर हलत होते. दगडांवर पाथरवटांच्या छिन्नीचे घाव दिसत होते. आदल्याच दिवशी मिशी ओढून गेलेल्या मासोळ्या आज अदबीनं बाजूनं जात होत्या. स्वतःचा श्वास कानात घुमत होता, आत, बाहेर, आणि आता घासलेटाचा वासही ओळखीचा वाटत होता. पहिल्या पायरीवर सायकलची घंटी होती. दुसरीवर कौशल्याबाईंचा तो पितळी तांब्या, ज्याच्यापायी त्या जावेशी तीन वर्षं बोलत नव्हत्या. मास्तरांना फार फार बरं वाटलं. बेचाळीस वर्षं आपण उगाच भ्यालो, असं त्यांना वाटलं आणि कशासाठी आलो तेही दोन मिनिटं ते विसरले.

तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात, शेवाळात अर्धा रुतलेला, खंडोबा घोड्यावर बसून त्यांचीच वाट पाहत होता.

मास्तरांनी हात लांबवला. पोचेना. भोपळे खाली जाऊ देईनात. जे दोन भोपळे त्यांना चार-पाच दिवस तारत होते, तेच आता देवाच्या आड आले. मास्तरांनी डोळे मिटले, आईचा चेहरा आठवला आणि एका भोपळ्याची गाठ सोडली. मग उरलेल्याला न जुमानता डोकं खाली घातलं. नळीत पाणी घुसलं. नाक विसरावं, घाबरू नये, फुंकावं, असं मनात म्हणत त्यांनी शेवाळात बोटं घातली, मूठ आवळली, वर येऊन पालथे राहिले आणि जीव खाऊन फुंकलं. नळीतून पाण्याचा फवारा उडाला. कठड्यावरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

नेमके त्याच वेळी भगवानराव फाट्यावर यष्टीतून उतरून गावात पोचले होते. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. बारवेवर सगळा गाव गोळा झालेला त्यांनी पाहिला, गर्दी सारून पुढं आले, आणि त्यांना दिसला तो पाण्यावर पालथा पडलेला धाकटा भाऊ आणि बाजूला सुटून तरंगणारा भोपळा. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. कोट, टोपी, पायताण यांसह त्यांनी उडी घेतली, हाताला आली ती नळी धरली आणि भावाला उपटून वर काढलं. पाणी दोघांच्याही छातीपर्यंत आलं. तिसऱ्या पायरीवर माणूस उभा राहू शकतो, हे मास्तरांना तेव्हा कळलं.

"इंद्रा," भगवानराव रडत म्हणाले, "आई गेली म्हणून तूबी चालला काय रे?"

मास्तरांनी तोंडातून नळी काढली. "दादा, आई घरी हाये. डाळ निवडून राह्यली."

भगवानरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मिशीच्या जागेकडे पाहिलं, आणि त्यांना कवटाळलं. दोघे भाऊ सगळ्या गावासमोर छातीभर पाण्यात तसेच उभे राहिले. मास्तरांचा उजवा हात भावाच्या पाठीवर होता आणि मुठीतला खंडोबा भगवानरावांना कोटावरून टोचत होता. पुंजाजी वरून हे पाहत होता. त्यानं मुठीकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच काही ओरडला नाही.

घरी येऊन भगवानरावांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडून घेतलं. मग मिशीवरून धाकट्याला भरपूर शिव्या दिल्या, कोरडं धोतर नेसले, दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि ओसरीवर झोपून गेले. दिवेलागणीला मास्तर देवघरात शिरले, बिल्ला उचलून खिशात टाकला आणि टाक जागेवर ठेवला. वळून पाहतात तर दाराशी आई वाती वळत बसलेली.

"आता तो बिल्ला कडूबाले देऊन टाक," आई म्हणाली. "पंधरा दिस झाले, गरीब माणूस तसाच फिरून राह्यला."

मास्तरांनी खिशातला बिल्ला पुन्हा बाहेर काढून पाहिला. तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

"मले दिसत नाही, पण हाताले तं समजते. खंडोबाच्या पाठीले पट्टा अडकवाची कडी असते काय?"

"मंग तू रोज पूजा कायची करत होती?"

"बिल्ल्याचीच. सरकारचा हाये बिचारा, त्यालेबी दोन फुलं भेटले तं काय बिघडलं?" आईनं वात वळून ताटलीत ठेवली. "बोललो असतो तं तू पुंजाजीले उतरवलं असतं. तू लहानपणी घंगाळातल्या पाण्याले भेत होता. म्हटलं, उतरते तं उतरू द्या एकदा."

 चौदा दिवस ज्या प्रश्नाला मास्तर टाळत होते, तो आता तोंडाशी आलाच होता. "अन् नसता सापडला तं? दादानं देव नेले असते. तूबी गेली असती नांदुऱ्याले."

"काऊन जाईन?" आई म्हणाली. "देव जिथं तिथं मी, हे म्या भगवानसाठी सांगतलं होतं. मले तुह्याच घरी राहाचं होतं. पण लेकराच्या तोंडावर कसं म्हणाव, बाबू, का तुह्याकडं नाही येत म्हणून? त्याले किती लागलं असतं. म्हणून देवाले मधात घातलं. देव काही बोलत नाही."

 मास्तरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, कारण आईला दिसत नव्हतं. आईनं हात पुढं करून त्यांचा चेहरा चाचपला. गाल, नाक, मग ओठावरची ती गुळगुळीत जागा. तिथं तिची बोटं थबकली.

"हे मात्र लवकर वाढव," ती म्हणाली. "मी जित्ती हाओ."

चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत झालं, रोडगे झाले. भगवानरावांनी पाचही टाक कपाळाला लावून मोजले आणि यंदा खंडोबा फार छान उजळला म्हणून भावाचं कौतुक केलं. कडूबाला बिल्ला मिळाला. त्याच्या खाचांतला भंडारा कितीही घासला तरी निघाला नाही, आणि कडूबानंही दोन दिवसांनी घासणं सोडून दिलं. चष्मा पुन्हा मिरच्यांकडे गेला. पण दर रविवारी सकाळी मास्तर तो मागून घेतात आणि विज्ञानासाठी म्हणून बारवेवर जातात. कौशल्याबाईंचा तांब्या त्यांनीच काढून दिला.

आणि रोज देवांची अंघोळ उरकली की आई ओल्या हातानं मास्तरांना जवळ बोलावते, त्यांच्या वरच्या ओठावरून दोन बोटं फिरवते आणि म्हणते, "आली थोडी." मग मास्तर शाळेला जातात.